कुरडूच्या जुड्या : जून ते रथसप्तमी

आमच्या गावच्या घरी देवळीत एक पितळी तांब्या आहे. २०२३ च्या दिवाळीत आईने बांधावरून पाच-सहा कुरडूचे दांडे (कुरडू म्हणजे शेतात उगवणारं तुऱ्याचं तण) आणून त्यात खोचले होते, पाणी न घालता. जून २०२४ मध्ये मी चार दिवस राहायला गेले तेव्हा ते तिथेच होते. तुऱ्याचा शेंडा अजून गुलाबी, खालचा भाग चांदीसारखा पांढरा. सात-आठ महिने झाले होते. मी हात लावला तर कागदासारखी खरखर झाली, पण एक पाकळी गळली नाही.

त्याच आठवड्यात पुण्याहून आतेबहिणीचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं, सव्वाशेच्या आसपास बायका येतात. दर वर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतात आणि ते सगळ्यांच्याच घरी साठलेत. "तू काहीतरी वेगळं सुचव ना गं," म्हणाली. मी तांब्याचा फोटो पाठवला. तिने तासाभरात उत्तर पाठवलं: १२० नग, प्रत्येकी १५० रुपये, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हवेत.

हो म्हणून बसले आणि मग घाबरले. घरापुरते पाच दांडे खोचणं आणि १२० वाणं विकणं यांत काय काय येतं ते मला काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या सात महिन्यांत जे जे करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मला सुरुवातीला असं काही वाचायला मिळालं असतं तर बऱ्याच खेपा वाचल्या असत्या.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून पुढे. बाजरी, तूर, कांदा, थोडा घेवडा. कुरडू म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतलं कुसळ. बाजरीत आणि तुरीत माजतं, खुरपून खुरपून बायकांच्या कमरा जातात. पावसाच्या तोंडाला त्याचा कोवळा पाला आम्ही भाजीला खुडतो, नंतर ते तण. त्यामुळे फुलांची वानवा पडणार नव्हती. पण नुसत्या कुरडूच्या १२० जुड्या एकसुरी दिसतील, म्हणून आणखी काय वाळवता येईल ते विचारायला जुलैच्या पहिल्या रविवारी आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त सरांकडे गेले.

सरांनी पहिल्याच पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही शेवटपर्यंत उपयोगी पडल्या. पहिली अशी की ज्या फुलात मुळातच पाणी कमी, ते वाळूनही तसंच राहतं. कुरडूचं एकेक फूल म्हणजे पातळ, कोरड्या, कागदी पाकळ्या. ते झाडावर असतानाच अर्धं वाळलेलं असतं. तेरड्याचं देठ पाण्याने भरलेलं, पाकळी नाजूक. त्याचा दोन दिवसांत काळा चिखल होतो. सोनकी तोडली तरी आत पिकत राहते आणि आठवड्याने पिवळ्या फुलाच्या जागी म्हातारीचा कापूस उडायला लागतो. मी तरीही तेरडा आणि सोनकी दोन्ही करून पाहिली. सर म्हणाले तसंच झालं.

दुसरी गोष्ट त्यांनी जरा कडक आवाजात सांगितली. मी विचारलं होतं की कासच्या बाजूची काही फुलं मिळाली तर. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे आणि तिथलं फूल तोडायला मनाई आहे, एवढं मलाही माहीत होतं. पण कारण मला सरांकडून कळलं. तिथल्या कातळावर माती बोटभरसुद्धा नसते. त्यातली कितीतरी झाडं एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरतात. फूल तोडलं की पुढच्या वर्षीचं झाडच तोडलं. कारवीचं तर त्याहून कठीण. ती सात-आठ वर्षं वाढते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. त्या वर्षी, २०२४ मध्येच, पुढे पावसाळ्यात कारवी फुलल्याच्या बातम्या आल्या आणि लोक फुलांच्या फांद्या हातात धरून फोटो काढत होते. सर म्हणाले, "तुझ्या शेतातलं तण वाळव. त्याला कुणी रडत नाही. आणि तेही तीन दांड्यांतला एकच घे, दोन ठेव."

यादी ठरली ती अशी: कुरडू मुख्य, सोबतीला बांधावरची कापूरमाधुरी म्हणजे ती पांढरी लोकरी फुलांची नाजूक झुडपं, माळावरचं कुसळी गवत आणि भातखाचरात कापणीनंतर येणारी गोरखमुंडी. गोरखमुंडी आमच्याकडे नाही, पण भोर तालुक्यात मावशीच्या खाचरात भरपूर.

मग जमिनीचा प्रश्न आला. आमच्या वावरामागे एक माळ आहे. लहानपणापासून आम्ही त्याला "आपला माळ" म्हणतो, शेळ्या तिथेच चरतात, कुसळी तिथेच. मला वाटलं आपलाच, त्यात काय विचारायचं. सरांनी सातबारा बघायला सांगितला म्हणून महाभूमीच्या संकेतस्थळावरून चार गटांचे डिजिटल सहीचे सातबारे काढले, प्रत्येकी १५ रुपये. तीन गट आईच्या नावावर निघाले. चौथा, माळाचा, वनविभागाच्या नावावर होता.

मला ते बघून वाईट वाटलं. मी वनरक्षकांना गाठलं, ते दर मंगळवारी गावात येतात. त्यांनी शांतपणे समजावलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपज म्हणजे फक्त लाकूड नाही. जंगलातून आणलेलं गवत, वेल, फूल, पान, बी सगळं त्यात येतं. राखीव वनातून ते परवानगीशिवाय आणून विकलं तर तो गुन्हा आहे. "ताई, तुम्ही चार पेंढ्या नेल्या तर माळ ओसाड होणार नाही, पण उद्या तुमचं बघून कुणी टेम्पो घेऊन येईल," असं ते म्हणाले आणि मला ते पटलं. परवानगीसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करता आला असता. मी केला नाही. कुसळी आमच्या तुरीच्या बांधावरही होती, कमी होती पण होती. तुम्ही हे करणार असाल तर सगळ्यांत आधी सातबारा काढा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपलं म्हटलं ते कागदावर गायरान किंवा वन असू शकतं.

ग्रामपंचायतीचं काम मात्र लांबलं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, असते. निसर्गातली वस्तू व्यापारासाठी घ्यायची तर राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. स्थानिक लोकांना आणि आपल्याच शेतात पिकवणाऱ्यांना त्यातून सूट आहे. मी पुण्यात राहते, आई गावात. म्हणून सगळं आईच्याच नावाने करायचं ठरलं. सूट असली तरी समितीला लेखी कळवावं, म्हणजे उद्या गावात कुणी बोट दाखवायला नको, असं आईचंच म्हणणं होतं.

जुलैभर ग्रामसेवक भेटलेच नाहीत. लाडकी बहीण योजनेचे अर्ज चालू होते, पंचायतीत आणि सेतूत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या बायकांच्या पुढे मी माझा कुरडू घेऊन उभं राहणं मला बरं वाटेना. चार खेपा झाल्या. शेवटी त्यांनीच सुचवलं की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्या. त्या दिवशी गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. आठवड्याने, २२ ऑगस्टला तहकूब सभा झाली; तिला गणपूर्ती लागत नाही हे मला तिथे कळलं. आई उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या वावरातलं कुरडू वाळवून पुण्याला विकायचं म्हणते पोरगी. कुणाची हरकत?" दोन-तीन म्हातारी माणसं हसली. एकाने विचारलं, "आमच्याही वावरातलं न्या की, खुरपणी वाचंल."

नोंदवही कपाटातून निघाली. २०२० च्या जानेवारीपर्यंत सगळ्या नोंदवह्या पूर्ण करा असा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता, तेव्हा घाईने झालेली. पण आमच्या गावाची बरी होती. त्यात रानभाज्यांच्या पानावर कुरडू होतं आणि माहिती देणाऱ्यांत आमच्या आजीच्या वयाच्या दोन बायकांची नावं होती. ते पान मी किती तरी वेळ बघत होते. समितीला संकलन शुल्क घेता येतं. चर्चा होऊन ५०० रुपये ठरले. पैसे मी त्याच दिवशी भरले. पावती मिळाली २८ नोव्हेंबरला, कारण आधी पावतीपुस्तक तालुक्याला गेलं होतं आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागल्यावर सगळे निवडणुकीच्या कामात. पावतीसाठी पाठपुरावा सोडू नका, पण त्यासाठी फुलं तोडायची थांबूही नका. ठरावाची नक्कल हातात होती, तेवढी पुरली.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करताना माझी चूक झाली. शोधल्यावर जे पहिलं संकेतस्थळ आलं त्यावर फॉर्म भरला, १,४९९ रुपये भरले, आणि मग कळलं की ते खाजगी दलालांचं होतं. सरकारी उद्यम नोंदणी पूर्ण विनामूल्य आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का ते बघा. पैसे परत मिळाले नाहीत.

सरकारी संकेतस्थळावर पुढची अडचण आली. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आईच्या आधारला जोडलेला नंबर बाबांचा होता. बाबा २०२१ मध्ये गेले, त्यांचं सिम बंद झालं. नंबर बदलायला सासवडच्या आधार केंद्रावर गेलो. शुल्क तेव्हा ५० रुपये होतं. आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. खुरपं धरून धरून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. केंद्रातल्या मुलीने दोनदा हात धुवायला लावला, थोडं तेल लावून पाहिलं, दहाही बोटं झाली. आई गप्प बसली होती. मग त्या मुलीने डोळ्यांची बुबुळं स्कॅन केली आणि काम झालं. घरात शेतकाम केलेलं माणूस असेल तर आधीच सांगा, "डोळ्यांवरून घ्या." नंबर जोडला जायला नऊ दिवस लागले. त्यानंतर उद्यमचं प्रमाणपत्र अर्ध्या तासात आलं. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापनेची, नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळायची. त्याला पंचवीस रुपयांच्या आत खर्च आला. या दोन कागदांवर बँकेत चालू खातं उघडलं. तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदा शिक्का नव्हता, दुसऱ्यांदा साहेब रजेवर.

२१ सप्टेंबरला पहिली तोडणी. शनिवार होता, ऊन पडलं होतं, कुरडू भरात. मी, आई आणि रोजाने दोन बायका, ३५० रुपये रोज. दव उडाल्यावर, दहा वाजता सुरुवात केली. फुलाचा खालचा एक-दोन इंच भाग पांढरा झालेला आणि वर गुलाबी, असाच दांडा घ्यायचा. त्याहून कोवळा घेतला तर शेंडा वाळताना मान टाकतो. उशीर केला तर काळं चकचकीत बी गळायला लागतं. शेजारच्या वावरातही बोलावलं होतं, पण तिथे महिन्यापूर्वी तणनाशक मारल्याचं कळलं, म्हणून ते नाही घेतलं. घरात, लहान मुलांच्या हाताशी ठेवायची वस्तू.

पाला ओरबाडून दहा-दहा दांड्यांच्या जुड्या बांधल्या आणि माडीवरच्या खोलीत तुळईला उलट्या टांगल्या. ३०० दांडे. खोली अंधारी, म्हणजे रंग टिकेल असा माझा हिशेब. २५ सप्टेंबरला तो पाऊस आला. पुण्यात रस्त्यांच्या नद्या झाल्या, गावात ओढ्याला पूर. पुढचे तीन दिवस सगळं ओलं होतं, भिंतीसुद्धा. २८ ला मी माडीवर गेले आणि दारातच तो कुबट वास आला. जुड्या मधून सोडल्या तर आत राखाडी बुरशी. ३०० पैकी चाळीसेक वाचले असतील. बाकी उकिरड्यावर टाकताना आई म्हणाली, "जुड्या फार आवळल्यास." खरं होतं. अंधार मिळाला होता, वारा नव्हता.

पंधरा दिवस काही केलं नाही. बहिणीला फोन करून नाही म्हणावं असं दोनदा मनात आलं. मग दसऱ्याला गावी गेले तेव्हा कांदाचाळीकडे लक्ष गेलं. उन्हाळी कांदा बहुतेक विकून झाला होता, अर्धी चाळ रिकामी. कांदाचाळ बांधतातच मुळी वारा खेळावा म्हणून: जमिनीपासून उंच तळ, खालून हवा, दोन्ही बाजूंना फटी, वर पत्रा. आम्ही आतून गोणपाट लावून उजेड अडवला, वाऱ्याला वाट ठेवली. तारा आडव्या ताणल्या. आणि या खेपेला पाच-पाच दांड्यांच्या सैल जुड्या, दोन जुड्यांत हातभर अंतर.

१९ आणि २० ऑक्टोबरला दुसरी तोडणी. परतीचा पाऊस ओसरला होता, ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. तीन बायका, दोन दिवस, साडेसातशे दांडे. त्यातल्या एका मावशींनी आपल्या वावरातले घ्यायला लावले आणि वर मलाच चहा पाजला. बांधावरचे मात्र आम्ही ठरवून ठेवले. तिथे सकाळी फुलपाखरं बसतात आणि बी पुढच्या पावसाला लागतं.

बाराव्या दिवशी दांडा वाकवला तर कट्‌कन मोडला. तेच वाळल्याचं लक्षण. फूल वाळलेलं दिसतं पण दांड्यात ओल असते, आणि ती ओल नंतर खोक्यात बुरशी आणते. फूल बघू नका, दांडा मोडून बघा. रंग अपेक्षेपेक्षा छान टिकला होता. किंचित कांद्याचा वास येत होता. दोन दिवस ओसरीत वाऱ्यावर ठेवल्यावर गेला.

दिवाळीच्या दिवसांत २२ जुड्या ओळखीत विकल्या, १२० रुपयांना एक. तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली आणि पुढे प्रत्येक कार्डावर छापली: पणती, उदबत्ती, शेगडी यांच्यापासून लांब. वाळलेलं फूल सुक्या गवतासारखंच पेट घेतं आणि दिवाळीत लोक नेमके दिव्यांच्या रांगेत ही जुडी ठेवतात.

कुसळीचा धडाही याच काळात मिळाला. तिचं बी लांब शेपटीचं, आणि त्या शेपट्यांना हवेतला दमटपणा कळतो; ओल लागली की सुटतात, वाळली की पिळतात, आणि असं करत करत बी जमिनीत शिरतं. पिकलेली कुसळी मी एका जुडीत बांधली तर रात्रीतून शेपट्या एकमेकींत गुंतल्या आणि सकाळी माझ्या ओढणीत रुतल्या. लहान मुलाच्या डोळ्यात गेली असती तर. मग जी बांधावर कोवळी, हिरवट होती तेवढीच घेतली आणि तिचेही तुरे चाचपून पाहिले. शेवटी १२० पैकी फक्त ३० परड्यांत कुसळी गेली.

मतदान झाल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी मावशीकडे भोरला गेले. भात झोडून झालं होतं, खाचरात गोरखमुंडी पसरली होती. जांभळे गोल गेंद, बोटाच्या पेरएवढे, हात लावला की तीव्र वास आणि बोटं चिकट. मावशीचे यजमान म्हणाले, "न्या सगळी, नांगरात जाणारच आहे." ती टांगून वाळवायची गरज नाही, सुपात पसरून सावलीत ठेवली तरी वाळते. रंग जांभळ्याचा फिका विटकरी होतो. मला तो जास्त आवडतो, पण ज्यांना जांभळाच हवा त्यांची निराशा होते, म्हणून आधी नमुना दाखवते. काहींनी सल्ला दिला होता की फुलं रंगवा, वर चकाकीचा फवारा मारा, म्हणजे पडझड होत नाही. मी नाही केलं. न रंगवलेलं फूल कंटाळा आला की कुंडीत मोडून टाकता येतं, माती होते.

सगळा माल डिसेंबरमध्ये पुण्याच्या घरी खोक्यांत आला आणि १४ तारखेला एका खोक्याच्या तळाशी बारीक तपकिरी भुकटी दिसली. पीठ चाळल्यासारखी. तुरा झटकला तर तांदळात असतात तसे लहान किडे. चाळीस दांडे गेले. सरांना फोन केला. वनस्पतींचे नमुने जिथे वर्षानुवर्षं जपतात तिथे ते गोठवतात, असं त्यांनी सांगितलं. मग आठ दिवस आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, पिशव्यांत घट्ट बांधून, पाळीपाळीने सगळी फुलं गेली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर फुलांवर पाणी धरतं. नंतर खोक्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला. पुन्हा किडा दिसला नाही. आता मी वाळवल्यावर लगेच गोठवते, किड्याची वाट बघत नाही.

परड्या बुरूड आळीतून घेतल्या. छोटी बांबूची परडी, ३५ रुपयांना एक, १२० एकदम म्हणून. मला आधी काचेच्या बाटल्या हव्या होत्या, पण संक्रांतीचं वाण परडीत शोभतं आणि पिशवीत घालून नेताना फुटत नाही. प्रत्येक परडीत पाच कुरडू, तीन गोरखमुंडी, कापूरमाधुरीच्या दोन काड्या, सुतळीची गाठ. सोबत कार्ड, सरांच्या नमुन्यांवर असतं तसं: नाव कुरडू, शास्त्रीय नाव सेलोशिया अर्जेंटिया, जागा आमचं शेत, तोडणी १९ ऑक्टोबर २०२४. एका दिवसात मी आणि काकू मिळून २५ परड्या बांधू शकलो, त्याहून जास्त नाही. मुदत ठरवताना हे धरा.

मध्येच दोन मागण्या आल्या आणि दोन्हींना नाही म्हणावं लागलं. एक बंगळूरची, ४० जुड्यांची. आमचे हिशेब बघणारे काका म्हणाले की राज्यातल्या राज्यात वस्तूंची विक्री ४० लाखांपर्यंत जीएसटीशिवाय चालते, पण माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, पण फुलाची जुडी त्यात बसवायला ते तयार नव्हते. दुसरी भाचीची, मेलबर्नहून, तिच्या घरासाठी एकच जुडी. ऑस्ट्रेलियात बी-बियाणं, वाळलेली झाडं यांच्याबाबत नियम फार कडक आहेत आणि कुरडूचा तुरा म्हणजे बियांनी भरलेली पिशवी. तिथल्या कुणाच्या वावरात आमचं तण उगवायला नको. तिला देवळीतल्या तांब्याचा फोटो पाठवला.

११ जानेवारीला, शनिवारी, १२० परड्या बहिणीच्या सोसायटीत पोचवल्या. रिक्षाने दोन फेऱ्या, खोक्यांत परड्या उभ्या, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यांचं १८ ला झालं. मला बोलावलं होतं, मी आईलाही घेऊन गेले. आई एका कोपऱ्यात बसली होती. एक साठीच्या बाई परडी हातात घेऊन तिच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे कुरडू ना? आमच्याकडे पारनेरला बाजरीत असायचं. चाळीस वर्षांनी हातात घेतलं." मग त्या दोघी तासभर भाजीबद्दल बोलत होत्या, डाळ घालायची की नाही यावर.

हिशेब सांगते, कारण लोक तोच विचारतात. परड्या ४,२००, मजुरी २,८००, येण्याजाण्याचा खर्च ३,०००, खोकी-कागद १,८००, गोणपाट-तारा-सुतळी १,१५०, कार्डं ६००, पंचायत ५००, सातबारे-आधार-गुमास्ता मिळून १३४, आणि त्या दलालाचे १,४९९. एकूण १५,६८३. आले २०,६४०. उरले ४,९५७, त्यात माझी, आईची आणि काकूंची मेहनत धरलेली नाही. आईच्या नव्या चालू खात्यावर ते आहेत. तिने पासबुक देवळीत ठेवलं आहे, तांब्याच्या मागे.

मार्चमध्ये त्या सोसायटीतून एक निरोप आला: परडीतून काळं बारीक बी गळतंय, काय करू? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "एका कुंडीत टाकून ठेव म्हणावं. जून लागला की पाणी घाल. वीतभर झालं की शेंडे खुड, कांद्यावर परत, वर मूठभर मूगडाळ. फुलाची वाट बघायची असेल तर दोन रोपं राहू दे."